कोरडं वजन

डायलिसिसच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. पाचांवर माणसं, सहावीवर घडी घातलेली चादर. यंत्रं सहा, त्यांतली पाच चालू. दाराशी वजनकाटा एक. खिडक्या दोन, त्यांतली एक न उघडणारी. काचेच्या कपाटात फिल्टर अठ्ठावन्न. आल्याआल्या तिने ते मोजले होते. काल सुट्टी असल्यामुळे आकडा बदलला नसणार हे माहीत असूनही मोजले होते, कारण जहाज येईपर्यंत त्यात भर पडणार नव्हती. आणि जहाज, दोन देशांच्या लढाईपायी, तिसऱ्याच देशाच्या समुद्रात नांगर टाकून उभं होतं. एका माणसाच्या एका खेपेला एक फिल्टर. रक्त त्यातून फिरतं, धुतलं जातं, किडन्यांनी काढायचं राहिलेलं पाणी निघून जातं, आणि माणूस पुढच्या खेपेपर्यंतचं आयुष्य घेऊन घरी जातो. मग फिल्टर टाकून द्यायचा. इतकी साधी वस्तू, पोकळ धाग्यांची एक नळी. आणि ती दूरच्या कुणीतरी कुणावर तरी रागावल्यामुळे इथे येत नव्हती. ती त्या आकड्याचा विचार करत चौथ्या, वडिलांच्या खुर्चीपाशी उभी होती, तेव्हा अण्णांनी नाक खाजवायला उजवा हात वर केला आणि त्यांचं घड्याळ मनगटावरून सुटून सरळ कोपरापर्यंत घसरलं.

अण्णांनी ते खाली ओढून घेतलं, जसं एखादा बाहीचं बटण लावतो, लक्षही न देता. म्हणजे हे घसरणं त्यांना नवं नव्हतं. तिला मात्र नवं होतं. डावा हात सुयांचा, म्हणून घड्याळ उजव्यात. धातूचा पट्टा, आईने दिलेला, त्याच्या कड्या कमी करायची गरज कधी पडली नव्हती. उलट तो थोडा घट्टच होता, काढल्यावर कातडीवर कड्यांचे चौकोन उमटलेले असायचे, आणि लहानपणी ती ते बोटाने मोजायची. पहिल्यांदा तिला काळजी वाटली नाही, कुतूहल वाटलं, आणि नंतर याचीच तिला लाज वाटत राहिली. घड्याळ सैल झालं म्हणजे हात बारीक झाला. पण अण्णांचं वजन बदललं नव्हतं. खेप संपल्यावर बावन्न किलो. गेल्या वेळी बावन्न, त्याच्या आधी बावन्न. ज्या दिवशी सगळ्यांच्या आठवड्याच्या तीन खेपा कमी करून दोन केल्या, त्या दिवशीही बावन्न. दोन निरीक्षणं, दोन्ही खरी, आणि एकमेकांना नाकारणारी. प्रयोगशाळेत असं झालं की सर म्हणायचे, उपकरण तपासा. तिने काट्याकडे पाहिलं. काटा उत्तम होता. तो तिनेच आणला होता, ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आईच्या वेळचा सुईचा काटा अडगळीत टाकून.

ही संस्था आईची. आईने ती एका यंत्रावर सुरू केली आणि सहांवर आणून ठेवली, आणि मग स्वतः कुठल्याही यंत्राने बरं न होणाऱ्या दुखण्याने गेली. तेव्हा ती रसायनशास्त्रात पुढे शिकायला निघाली होती. कार्यकारिणीतले सगळे तिच्याकडे बघू लागले, जसं घरात आई नसली की जेवणाच्या वेळी मोठ्या मुलीकडे बघतात. ती प्रमुख झाली. ज्यांनी तिला परकरात पाहिलं होतं ते पेशंट तिला बाई म्हणू लागले. अण्णासुद्धा. त्यांच्या किडन्या आईच्या मागोमागच गेल्या, जणू त्यांनाही इथे यायचं निमित्त हवं होतं. घरी ती ठकू, इथे बाई. ‘बाई, चार नंबरचा पेशंट तक्रार करतोय, पंखा कमी करा,’ असं अण्णा अगदी सरळ चेहऱ्याने म्हणायचे आणि पहिल्या खुर्चीतले ड्रायव्हरकाका हसत सुटायचे.

आईने पेशंटांना समजावताना ड्राय वेटला कोरडं वजन असा शब्द काढला होता. साठलेलं पाणी काढून उरतं ते, माणसाचं स्वतःचं. आल्यावर वजन करायचं, त्यातून कोरडं वजन वजा करायचं, जो फरक येईल तेवढं पाणी यंत्राला काढायला सांगायचं. फरक फार मोठा असला तर तेवढं पाणी एका खेपेत निघत नाही, मध्ये जास्तीची खेप लागते. म्हणून सगळ्यांनी पाणी जपून प्यायचं. आल्यावर प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने वाचायचा ही आईचीच पद्धत. फरक मर्यादेत असला की बाकीचे ओरडायचे, ‘पास!’ नसला की ड्रायव्हरकाका विचारायचे, ‘काय हो, काल नदीवर गेला होतात का?’ तो एक खेळ होता. जहाज अडकल्यावर तो खेळ राहिला नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

जहाज अडकल्याचं कळलं त्या दिवशी खजिनदारांचा फोन आला होता. चांगला माणूस, आईच्या वेळेपासूनचा. म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं. ‘हे बघ, मला वाईट बोलायचं नाही. पण वेळ आलीय तर आधी आपली माणसं बघू. ती सहा नंबरची बाई, तिच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण ती जिथून आली तिथल्याच लोकांनी ही लढाई उकरून काढली ना?’

‘काका, तिने उकरली का?’

‘तसं नाही म्हणत मी.’

‘तिचं घर गेलं त्यात. नवरा तिकडेच आहे, आहे की नाही तेही तिला माहीत नाही.’

‘अगं, मला ते कळत नाही का? पण देणगी देणारे मला विचारतात. तुला नाही विचारत.’

तिने सगळ्या पेशंटांना बोलावलं होतं, सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही तुकड्यांना, आणि फळ्यावर गणित मांडलं होतं. कुणालाही वगळायचं नसेल तर प्रत्येकाने एक खेप सोडावी लागेल. तिनाच्या दोन. हात वर करा म्हणायच्या आधीच हात वर गेले. शाळेतून निवृत्त झालेल्या, ज्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, त्या म्हणाल्या होत्या, ‘मोजायचं काय त्यात? सगळे, म्हणजे सगळे.’ सहाव्या खुर्चीतली ती बाई, ड्रायव्हरकाकांनी जिचं नाव पाहुणी ठेवलं होतं, खाली मान घालून बसली होती. तिला भाषा अर्धी कळायची. पण आपल्यामुळे काहीतरी वाटून घेतलं जातंय हे कळायला भाषा लागत नाही. त्या दिवशी घरी जाताना तिला, प्रमुख झाल्यापासून पहिल्यांदाच, आपण आईसारखं काहीतरी केलं असं वाटलं होतं. जिना चढताना ती गुणगुणत होती. ते गुणगुणणंही तिला आता आठवत होतं, नको असताना.

आणि गणित बरोबर निघालं होतं. आठवड्यांमागून आठवडे सगळे पास होत होते. दोन खेपांत भागत होतं. तिने कार्यकारिणीला तसं सांगितलं होतं, आकड्यांसकट, आणि खजिनदारांनी कबूल केलं होतं, ‘तू जिंकलीस बाई.’ मग एके दिवशी पाहुणी आली नाही. ती जिथे भाड्याने राहायची त्या घरमालकिणीने कळवलं, सकाळी उठली नाही. डॉक्टरांना मोठ्या हॉस्पिटलात इतकी कामं लागली होती की ते इथे यायचेच बंद झाले होते; ते फोनवर म्हणाले, ‘हृदय. अशा पेशंटांत होतं असं.’ तिचं कोरडं वजन चव्वेचाळीस. शेवटच्या खेपेनंतरही चव्वेचाळीस. ती एकदाही नापास झाली नव्हती.

अण्णांच्या यंत्राने एक बारीक सूर काढला, सिस्टरने येऊन बटण दाबलं, सूर थांबला. ‘हात सरळ ठेवा हो अण्णा, किती चुळबुळ,’ सिस्टर म्हणाली. ‘अहो, बाई बघतायत ना, म्हणून अंग चोरतोय,’ अण्णा म्हणाले. ती खरंच बघत होती. काटा बेरीज सांगतो, तिने मनाशी म्हटलं, फक्त बेरीज. पाणी अधिक माणूस. काट्याला त्यातलं काय कमी झालं आणि काय वाढलं हे दिसत नाही. दोन अज्ञातं आणि एक समीकरण. ते सुटत नाही, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. तिने ते सोडवलं होतं ते एक अज्ञात स्थिर धरून. बावन्न किलोचा बाप. तो बावन्नच राहणार, डोंगरासारखा, आणि जे हलेल ते पाणी. बाप कमी होत गेला तर? तर तेवढं पाणी त्याच्या जागी येऊन बसेल, यंत्र दर खेपेला आज्ञाधारकपणे बावन्नावर थांबेल, आणि काटा म्हणेल सगळं ठीक आहे. एकेक घास माणूस जातो आणि एकेक घोट पाणी त्याची जागा घेतं, बेरीज न हलता.

मग एकेक गोष्ट आपणहून पुढे आली, जणू बाहेर रांगेत थांबली होती. अण्णा हल्ली पलंगावर झोपत नव्हते. सकाळी ती उठायची तेव्हा ते आरामखुर्चीत, मान एका बाजूला, बसल्याबसल्या झोपलेले. ‘उशी बसकी झालीय गं, मान दुखते.’ तिने नवी उशी आणली होती. त्यांनी तीही पाठीशी लावली. आडवं झाल्यावर फुप्फुसांत पाणी चढतं आणि दम लागतो, हे तिने स्वतः मास्तरीणबाईंना स्पंज आणि बशी घेऊन समजावलं होतं. आणि मांजर. जिन्यातलं ते राखाडी मांजर, सगळ्या मजल्यांवर उष्टं खाऊन जगणारं, गेल्या काही आठवड्यांत असं गुबगुबीत झालं होतं की खालच्या काकू म्हणाल्या होत्या, पिल्लं होणार असतील. ती रोज अण्णांना दोन अंडी उकडून ठेवून निघायची. संध्याकाळी ताटली धुतलेली असायची. वस्तुमान नाहीसं होत नाही, ते जागा बदलतं, इतकंच. तिला हसू आलं.

तिने वाकून अण्णांचा पायमोजा खाली केला. ‘अगं, काय करतेयस? सगळ्यांसमोर?’ नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा, आणि कितीतरी वेळ भरला नाही.

आई दर महिन्याला प्रत्येकाचा दंड चिमटीत धरून बघायची. ‘दंड दाखव,’ म्हणायची आणि स्वतःशीच हुं करायची. नवा काटा आल्यावर तिने ती पद्धत बंद केली होती. चिमटीला एकक नसतं, असं ती तेव्हा सिस्टरला म्हणाली होती, आणि ते वाक्य तिला आवडलंही होतं.

‘ड्रायव्हरकाका,’ ती म्हणाली, ‘दंड दाखवा.’

‘पंजा लढवायचाय का बाई? सुया काढू देत आधी.’

‘दाखवा ना.’

त्यांनी बाही वर केली. तिने चिमटीत धरलं. बोटांमध्ये कातडी आली, आणि आणखी फारसं काही आलं नाही. मास्तरीणबाईंनी विचारायच्या आधीच पदर सावरून हात पुढे केला, आणि दुसरीकडे बघत राहिल्या. मधल्या दोघांचेही पाहिले. शेवटी अण्णांचा, जो तिने खरं तर पहिल्यांदा धरायला हवा होता.

‘तुम्ही लोक जेवत नाही?’ तिने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा लहान निघाला.

मग मास्तरीणबाई वर्गात उत्तर यावं तशा नीट म्हणाल्या, ‘खेपेच्या आदल्या दिवशी मी फक्त सकाळी थोडं खाते. आकडा बरा येतो. सगळेच करतात तसं.’

‘नुसतं पाणी तोडून आकडा येत नव्हता, बाई,’ ड्रायव्हरकाका म्हणाले. ‘तहान आवरते हो थोडी, पण किती आवरणार? जेवण तोडलं की बरोबर बसतो. नापास झालं की जास्तीचा फिल्टर जाणार. तो कुणाच्या वाट्याचा? याच खोलीतल्या कुणाच्यातरी.’

‘हे कुणी सांगितलं तुम्हाला?’

त्यांनी सहाव्या खुर्चीकडे पाहिलं. चादरीच्या घडीकडे. ‘पाहुणीने. तिकडे म्हणे आठवड्याला एकच खेप मिळायची, शेवटी शेवटी. तिकडे सगळे असंच करायचे, म्हणाली. हातवारे करून दाखवलं तिने. पोटावर हात, मग असा नकार, मग काट्याकडे बोट. बिचारीला वाटलं, आपण सगळ्यांचं घेतो, तर आपल्याकडे असलेलं काहीतरी द्यावं.’

तिला आठवलं, पाहुणी दर खेपेला बिस्किटाचा पुडा आणायची आणि सगळ्यांना वाटायची, स्वतः एकही न घेता, आणि सगळे ते घेऊन खिशात ठेवायचे. तिला तो शेजारधर्म वाटला होता. एका माणसाने दिलेलं दुसरा खात नाहीये, आणि दोघंही एकमेकांकडे बघून हसतायत. आणि ती दारात उभी राहून ते दृश्य देणगीदारांना कसं सांगायचं याचा विचार करत होती. चव्वेचाळीस. प्रत्येक वेळी चव्वेचाळीस. त्यातली ती स्वतः किती होती, हे आता कुठल्याच काट्यावर कळणार नव्हतं.

‘आणि तुम्ही?’ तिने अण्णांना विचारलं. इथे ती त्यांना कधी अण्णा म्हणायची नाही. आताही म्हणाली नाही.

‘मी काय?’

‘अंडी.’

अण्णांनी घड्याळ मनगटावर फिरवून बसवलं. ‘ठकू,’ ते म्हणाले, या खोलीत पहिल्यांदाच, ‘प्रमुखाच्या बापाने जास्तीची खेप मागायची? लोक काय म्हणाले असते?’

‘काही म्हणालो नसतो!’ ड्रायव्हरकाका एकदम तडकून म्हणाले. ‘काय समजता हो आम्हाला? एवढी वर्षं शेजारी बसतोय.’

‘तसं नाही रे—’

‘तसंच आहे. तुम्ही आमच्यासाठी उपाशी, आम्ही तुमच्यासाठी उपाशी, आणि तुमच्या जिन्यातलं मांजर जाडं झालंय, तुम्हीच सांगत होतात.’ कुणीतरी हसलं. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि हातातच ठेवला.

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘सगळ्यांची कोरडी वजनं खाली आणा,’ म्हणाले, ‘पण हळूहळू. प्रत्येक खेपेला थोडं थोडं. घाई केलीत तर रक्तदाब कोसळेल. आणि दोन खेपांत हे होणार नाही.’ मग, तिने विचारलं नसताना, म्हणाले, ‘ती जी गेली, तिचं मी येऊन पाहायला हवं होतं.’ त्यांची समजूत घालण्याइतकं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. मग खजिनदारांना फोन. ‘काका, उद्यापासून सगळ्यांना तीन खेपा.’

‘अगं पण फिल्टर?’

‘आहेत तेवढे वापरायचे.’

‘आणि जहाज आलंच नाही तर?’

‘तर नाही आलं.’

‘तू जिंकली होतीस ना गं,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तिला फोन ठेवावा लागला.

त्या आठवड्यात तिने फारसं काही केलं नाही. सकाळी ती अण्णांसमोर बसायची आणि ते दोन्ही अंडी खाईपर्यंत उठायची नाही. अण्णा घास घोळवत बसायचे, शाळेला उशीर झालेल्या पोरासारखे. मांजर उंबऱ्यावर येऊन बसायचं आणि अपमान झाल्यासारखं निघून जायचं. घरमालकिणीने पाहुणीची पिशवी आणून दिली. आत एक शाल, एक कंगवा आणि बिस्किटांचे बंद पुडे होते. ते कुणाला द्यावेत हे कुणालाच सुचलं नाही. शेवटी ते सहाव्या खुर्चीवर, चादरीपाशी राहिले. समुद्राच्या बातम्या रोज येत होत्या आणि त्यांत ते जहाज नव्हतं. बुडालेल्यांची, पेटलेल्यांची नावं होती, नुसत्या उभ्या असलेल्यांची कुठे असतात? आपण कुणाला वगळलं नाही याचा अर्थ काय, हे तिला नीटसं कळेनासं झालं होतं. वगळलेल्या माणसाला निदान राग येतो. इथे प्रत्येकाने दुसऱ्याला आत ठेवायला स्वतःतून थोडं थोडं काढून दिलं होतं, आणि तिने ते ग्रॅमपर्यंत मोजून बरोबर ठरवलं होतं. आई असती तर काय म्हणाली असती? बहुधा काहीच नाही. दंड दाखव, एवढंच, आणि तिचाही चिमटीत धरला असता.

दरवेळी थोडं थोडं पाणी जास्त काढत गेले. अण्णांच्या पोटऱ्यांत गोळे आले, ते ओठ घट्ट मिटून बसले, सिस्टरने पाय चोळले. दुसऱ्या खेपेनंतर त्यांना जिना न थांबता चढता आला. तिसरीनंतर ते पलंगावर, एका उशीवर, आडवे झोपले, आणि तिने सकाळी दारातून ते पाहिलं. अंथरुणात ते इतके कमी दिसत होते की पांघरूण सपाट असल्यासारखंच वाटलं.

चौथ्या खेपेच्या दिवशी, सुया काढून झाल्यावर, तिने त्यांचा पायमोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. कातडीखाली सरळ हाड होतं. अण्णा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. तिने हात पुढे केला, तो त्यांनी धरला, आणि घड्याळ दोघांच्या मनगटांमध्ये येऊन अडकलं. वजनाच्या वेळी चपला काढायच्या असतात. त्या त्यांनी नेहमीसारख्या जोडीने भिंतीला लावून ठेवल्या. काट्यावर चढले. इतर चौघं आपापल्या खुर्चीतून बघत होते.

आकडा थोडा वरखाली झाला आणि थांबला. अण्णांनी तो वाचायला तोंड उघडलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिने वाचला, मोठ्याने, आईच्या पद्धतीप्रमाणे.

कपाटात फिल्टर वीस. चौथी खुर्ची, कोरडं वजन: अठ्ठेचाळीस किलो चारशे ग्रॅम.